व्यवस्थापन अभिकरण पद्धती

संयुक्त भांडवली कंपनीचे प्रवर्तन, तिच्या भांडवलाची उभारणी आणि तिचा दैनंदिन कारभार ही तिन्ही कामे दीर्घ मुदतीच्या करारान्वये एकाच व्यापारी पेढीकडे सोपविण्याची भारतात रूढ झालेली पद्धत. ३ एप्रिल १९७० रोजी ती कायद्याने संपुष्टात आली. ताग, चहा, कोळसा, कापड, पोलाद इ. आधुनिक उद्योग बव्हंशी हिच्याच आश्रयाने उभे राहिले; पुढे नव्या उद्योजकाच्या मार्गातील मोठा अडसरही हीच ठरली.

द्वारकानाथ टागोर यांच्या कार, टागोर आणि कंपनी या कलकत्त्याच्या पेढीने १८३६ मध्ये हुगळी नदीत जहाजे ओढणाऱ्या वाफेच्या बोटींची कंपनी काढली व तिचे व्यवस्थापन आपल्याकडे ठेवले. हे या पद्धतीचे आद्य उदाहरण मानले जाते. कंपन्यांच्या नोंदणीची सोय १८५० च्या कायद्याने व भागधारकांच्या मर्यादित जबाबदारीची १८५७ च्या कायद्याने झाली. तथापि कायद्याने कंपनी काढता येत असली, तरी तिला पैसा पुरविणारी यंत्रणा नव्हती. इलाखा बँकांना स्थावर मालमत्तेच्या तारणावर किंवा दीर्घ मुदतीने कर्ज देण्यास १८७६ च्या कायद्याने मनाई होती. गिरणीची इमारत व यंत्रसामग्री यांसाठी लागणारा पैसा अशा बँकांकडून मिळणे शक्य नव्हते. ही उणीव अभिकर्त्या पेढीने भरून काढली.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापूस गिरणीची कंपनी स्थापली. तिचे पाच लाख रुपयांचे भांडवल सुमारे पन्नास व्यापाऱ्यांनी दिले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या तेजीमुळे मुंबईत कंपन्यांचे पेव फुटले. १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले आणि त्यात बँक ऑफ बाँबेही बुडाली. या अनुभवानंतर ठेवीदार कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा पेढीचे नाव पाहू लागला, यात नवल नाही. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचे खेळते भांडवल पुष्कळसे लोकांच्या ठेवींतून येई आणि त्या ठेवी अभिकर्त्याच्या पतीवर मिळत. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कारखान्याचे भाग काही आठवड्यांतच सुमारे ८,००० भारतीयांनी घेतले, त्यामागेही हीच पत होती.

पत मात्र पिढीजात होती. करार बहुधा दीर्घ मुदतीचे, कित्येकदा कायमचे असत आणि पेढीच्या वारसांकडे जात. मुंबईच्या अनेक गिरण्यांत अभिकर्त्याला उत्पादनाच्या दर रतलामागे पाव आणा दलाली मिळे. सूत विकले न गेले, तरी गिरणी चालू ठेवण्यात अभिकर्त्याचा लाभ आणि भागधारकाचा तोटा, असा विचित्र प्रकार त्यातून घडे. जमशेटजी टाटा यांनी नफ्यावर आधारित दलालीची प्रथा पाडली. तिचे अनुकरण सावकाश झाले. एका कंपनीचा पैसा त्याच पेढीच्या दुसऱ्या कंपनीत वळविणे, यंत्रे व कच्चा माल यांच्या खरेदीवर वेगळी दलाली घेणे हेही सर्रास चाले. ज्याच्याकडे कौशल्य होते पण घराण्याचे नाव नव्हते, त्याला या वर्तुळात प्रवेश मिळणे दुरापास्त होते.

अशांना वेगळा आधार शोधावा लागे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना १९१० मध्ये कुंडलजवळ कारखान्यासाठी जागा मिळाली, ती औंध संस्थानच्या अधिपतींकडून. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना निघाला. तेथे शिकलेल्या कारागिरांचा देशातील काचधंद्याला मोठा उपयोग झाला. परंतु संस्थानिकाची मर्जी किंवा लोकवर्गणी ही काही कायम व्यवस्था नव्हे.

१९३६ च्या दुरुस्तीने कराराची मुदत वीस वर्षांवर आणली. १९५६ च्या कंपनी कायद्याने मोबदल्यावर मर्यादा घातली व १५ ऑगस्ट १९६० नंतर एका अभिकर्त्याकडे दहापेक्षा अधिक कंपन्या असू नयेत असे ठरविले. दरम्यान औद्योगिक वित्त निगम (१९४८), राज्य वित्तीय निगम (१९५१ चा कायदा), भारतीय औद्योगिक विकास बँक (१९६४) यांनी दीर्घ मुदतीच्या कर्जाची सोय केली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (१९६२) भूखंड, पाणी व रस्ते पुरवू लागले. पूर्वी पेढीच्या ऐपतीवर अवलंबून असलेल्या या गोष्टी सामान्य तंत्रज्ञालाही मागता येऊ लागल्या. अभिकरण रद्द झाले, तेव्हा त्याची मूळ गरज बरीचशी ओसरली होती.

मात्र १९५१ च्या उद्योग (विकास व विनियमन) अधिनियमान्वये परवाना आवश्यक झाला होता आणि परवान्यांचा मोठा हिस्सा जुन्या उद्योगसमूहांनीच मिळविल्याचे १९६९ च्या दत्त समितीला आढळले. दिल्लीत वजन असणे हेही एक प्रकारचे भांडवलच होते. बहुतेक उद्योगांवरील परवान्याचे बंधन १९९१ मध्ये उठले व भांडवल विक्रीवरील सरकारी नियंत्रण १९९२ मध्ये संपले. त्यानंतर माहितीपत्रकातील मजकूर व प्रवर्तकाचे हितसंबंध भागधारकापुढे उघड करून घेण्याचे काम भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाकडे आले.