सोलापूरचा फोटॉन पुण्याला निरोप देऊ शकतो का?

जून २०२५ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी एक प्रयोग जाहीर केला. आयआयटीच्या आवारात, मध्ये कोणतीही केबल न टाकता, एक किलोमीटरहून जास्त अंतरावर 'क्वांटम एंटँगलमेंट'च्या मदतीने सुरक्षित संदेशवहन करून दाखवण्यात आलं. अशी बातमी आली की एक प्रश्न हमखास येतो. दोन कण एकमेकांत इतके गुंतलेले असतील की एकाची तपासणी करताच दुसऱ्याचं उत्तरही ठरतं, तर टॉवर, केबल आणि उपग्रह हवेत कशाला? निरोप क्षणात पोहोचायला हवा.

तसा तो पोहोचत नाही. एकट्या एंटँगलमेंटने एक अक्षरही पाठवता येत नाही. तरीही दिल्लीच्या प्रयोगात तिचा खरोखर उपयोग झाला होता.

जोडी म्हणजे नेमकं काय?

विशिष्ट स्फटिकावर लेझर सोडला की काही वेळा एका फोटॉनपासून कमी ऊर्जेचे दोन फोटॉन तयार होतात. त्यांना गुंतवता येतं. समजा, त्यातला एक सोलापूरला आणि दुसरा पुण्याला पाठवला. दोन्हीकडे एकच चाचणी आहे: फोटॉनचं कंपन उभं की आडवं?

सोलापूरच्या संशोधकाला उत्तर काय मिळेल, हे कोणीच आधी सांगू शकत नाही. कधी उभं, कधी आडवं, नाणेफेकीसारखं. पुण्यातही तेच. पण अशा हजार जोड्या तपासून दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, तर त्या ओळीला ओळ जुळतात.

यात विशेष काय, असं कोणी म्हणेल. चपलेचा एक जोड दोन खोक्यांत घालून दोन गावांना पाठवला, तरी सोलापुरात डावी निघाली की पुण्यात उजवी असणार हे कळतंच. शंका रास्त आहे, आणि भौतिकशास्त्रज्ञही तिच्यावर अनेक वर्षं भांडले. जॉन बेल यांनी १९६४ साली ती तपासायची युक्ती दिली. तिचा सोपा अवतार खेळासारखा आहे. दोन गावांतले दोन खेळाडू, प्रत्येकासमोर एक नाणं उडतं आणि प्रत्येकाने ० किंवा १ म्हणायचं. दोन्हीकडे छापा पडला तर उत्तरं वेगळी हवीत, एरवी सारखी. खेळ सुरू झाल्यावर बोलायला बंदी. आधी कितीही खलबतं केली, तरी अशा खेळात सरासरी ७५ टक्क्यांपेक्षा जास्त डाव जिंकता येत नाहीत. गुंतलेले फोटॉन जवळ असले तर हा आकडा सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे खोक्यात आधीच ठेवलेल्या चपलेने हे कोडं सुटत नाही. अशा प्रयोगांसाठीच अॅलन आस्पे, जॉन क्लॉसर आणि अँटन झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

मग निरोप का जात नाही?

समजा, संक्रांतीच्या गड्डा यात्रेत एक मूल हरवलंय आणि पुण्यात नातेवाईक वाट पाहतायत. ठरलं असं: मूल सापडलं तर सोलापुरात फोटॉनची चाचणी सरळ घ्यायची, नाही सापडलं तर तिरकी. पुण्याला काय दिसेल? दोन्ही वेळा निम्मे उभे, निम्मे आडवे. सोलापुरात कोणी चाचणीच घेतली नाही, तरी तेच.

अडचण अशी की सोलापूरकराला चाचणी निवडता येते, पण उत्तर निवडता येत नाही. 'आता उभंच ये' असं फोटॉनला सांगण्याची सोय नाही. जुळणी असते ती दोन याद्यांच्या मध्ये, कुठल्याही एका यादीत नाही. ती पाहायला दुसरी यादी मागवावी लागते, आणि ती फोनने येते किंवा सिद्धेश्वर एक्सप्रेसने. सोलापूर ते पुणे सुमारे २५० किलोमीटर. प्रकाशालाही त्यासाठी साधारण ०.८ मिलिसेकंद लागतात. त्याहून लवकर काहीच पोहोचत नाही.

यातून पळवाट काढायचा एक गाजलेला प्रयत्न झाला होता. निक हर्बर्ट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९८२ साली मांडलं की पुण्याच्या टोकाला (त्याने अर्थातच पुणे म्हटलं नव्हतं) आलेल्या एका फोटॉनच्या लेझरने पुष्कळ नकला काढाव्यात; मग समोरच्याने कोणती चाचणी घेतली ते ओळखता येईल. लेख तपासणाऱ्यांपैकी आशर पेरेस यांना तो चूक आहे हे कळलं होतं, तरी चूक शोधताना काही हाती लागेल म्हणून त्यांनी तो छापायची शिफारस केली. आणि लागलंही. त्याच वर्षी वूटर्स आणि झुरेक यांनी, तसंच स्वतंत्रपणे डीक्स यांनी सिद्ध केलं की अज्ञात क्वांटम स्थितीची हुबेहूब नक्कल काढताच येत नाही.

दिल्लीत काय पाठवलं?

किल्ली. दोन गावांत एकसारखी, पण कोणालाच आधी माहीत नसलेली यादी तयार होते, हीच तर गुप्त किल्लीची व्याख्या. तिने निरोप कुलूपबंद करायचा आणि नेहमीच्या केबलवरून पाठवायचा. मध्ये कोणी फोटॉन पकडून पाहिला तर जुळणी बिघडते. दोघं फोनवर यादीचा थोडा भाग पडताळतात आणि चोर लक्षात येतो.

दिल्लीत किल्ली सेकंदाला सुमारे २४० बिट या वेगाने मिळाली. नेहमीच्या युनिकोड पद्धतीत 'सोलापूर' हा शब्द १६८ बिटांचा होतो. प्रत्येक बिटाला किल्लीचा ताजा बिट वापरला, तर सेकंदाच्या आत त्याची किल्ली तयार.

अंतर वाढलं की चित्र पालटतं. केबलमध्ये फोटॉन हरवत जातात, आणि त्यांना वाटेत वाढवून पुढे धाडता येत नाही, कारण नक्कल निघत नाही. ज्या नियमामुळे चोराला किल्लीची प्रत काढता येत नाही, तोच इथे आडवा येतो. म्हणून उपग्रह. चीनच्या मिशियस उपग्रहाने २०१७ मध्ये गुंतलेले फोटॉन सुमारे १,२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांवर उतरवले. २०२० मध्ये त्याच उपग्रहाने १,१२० किलोमीटरवर किल्ली तयार केली, पण वेग होता सेकंदाला ०.१२ बिट. त्या हिशोबाने एकट्या 'सोलापूर'च्या किल्लीला २३ मिनिटं लागतील.

भारताने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्याचं एक उद्दिष्ट आहे देशात २,००० किलोमीटरपर्यंत उपग्रहाद्वारे सुरक्षित संदेशवहन. संदेशवहनाचं केंद्र आयआयटी मद्रासकडे आहे, सी-डॉटच्या साथीने. महाराष्ट्राच्या वाट्याला, म्हणजे आयआयटी मुंबईकडे, आलंय ते क्वांटम सेन्सर आणि अचूक मोजमापाचं काम.