सॅमनच्या पॅटीसमध्ये अंडे कशासाठी?

अमेरिकेतल्या साध्यासुध्या घरांत कित्येक पिढ्या होत आलेला एक पदार्थ म्हणजे सॅमन माशाचे पॅटीस. कृती अगदी सोपी. सॅमनचा एक डबा उघडायचा, त्यातले पाणी निथळून टाकायचे आणि मासा काट्याने मोकळा करायचा. त्यात एक फेटलेले अंडे, बारीक चिरलेला कांदा, मिरपूड आणि खाऱ्या बिस्किटांचा किंवा पावाचा चुरा घालायचा. मीठ डब्यातल्या माशात बहुधा असतेच. मग हातावर चपटे गोळे थापून ते तव्यावर थोड्याशा तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करायचे. दक्षिणेकडच्या राज्यांत बिस्किटांऐवजी मक्याचे पीठ घालण्याची पद्धत आहे. (आपल्या बाजारात 'इंडियन सॅमन' म्हणून विकला जाणारा रावस निराळ्याच कुळातला मासा आहे, हे जाता जाता सांगायला हवे.)

या कृतीत अंडे कशासाठी, असा प्रश्न विचारून पाहावा. चवीसाठी, हे उत्तर पुरेसे नाही. ताज्या माशाचा खिमा मीठ घालून मळला तर तो आपोआप चिकट होतो. स्नायूंतील मायोसिन नावाचे प्रथिन मिठाच्या पाण्यात विरघळते आणि उष्णता मिळाली की त्याचे धागे एकमेकांत गुंतून घट्ट जाळे बनते. जपानी लोक माशाच्या वड्या याच गुणावर करतात. डब्यातल्या माशाचे मायोसिन मात्र आधीच साकळलेले असते. उकडलेल्या अंड्यापासून आम्लेट होत नाही, तसाच हा प्रकार. म्हणून गोळा बांधून ठेवायला नवे, न शिजलेले प्रथिन बाहेरून आणावे लागते. अंड्याचा पांढरा भाग साठ-बासष्ट अंश सेल्सिअसला साकळू लागतो आणि माशाच्या सुट्या पाकळ्या धरून ठेवतो. बिस्किटांतले पिष्ट जादा पाणी शोषून घेते. मासा शिजलेलाच असल्यामुळे तव्यावर एवढेच काम उरते : अंडे घट्ट करणे आणि वरचा पापुद्रा तांबूस करणे. भरपूर तेल किंवा फार वेळ लागत नाही तो यामुळेच.

डब्यातल्या माशाची हाडेही काढावी लागत नाहीत. ती बोटांनी चुरता येतात. हाड म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या सांगाड्यात बसलेले कॅल्शियमचे क्षार. दीर्घकाळच्या कडक उष्णतेने कोलॅजेनचे जिलेटिन होते, सांगाडा सुटतो आणि क्षार तेवढे राहतात. वर्गात याचा उलटा प्रयोग सहज करता येईल. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले की क्षार निघून जातात, कोलॅजेन राहते आणि हाड रबरासारखे वाकते. दोन्ही हाडे मऊच, पण एक चुरते आणि दुसरे वाकते.

हाडे चुरण्याइतका मासा शिजवायचा कशाला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोलंबिया नदीपाशी जाऊन पोचतो.

मासा टिकवण्याची कला या नदीवर डब्याच्या कितीतरी आधीपासून होती. सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो, त्यामुळे वर्षाचे अन्न काही आठवड्यांत हाती येते. सेलिलो धबधब्याजवळचे आदिवासी मासे वाऱ्यावर वाळवत, कुटून त्यांचा भुगा करत आणि माशाच्याच कातडीचे अस्तर लावलेल्या टोपल्यांत तो दाबून भरत. ऑक्टोबर १८०५ मध्ये तिथे पोचलेल्या लुइस आणि क्लार्क यांच्या तुकडीने या टोपल्यांच्या राशी पाहिल्या. असा मासा कित्येक वर्षे चांगला राहतो, अशी नोंद क्लार्कने केली आहे. पाणी काढून घेतले की जिवाणू वाढू शकत नाहीत. आपल्या कोकणातले सुके बोंबील टिकतात तेही याच न्यायाने.

डब्याची युक्ती वेगळी. निकोला आपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरले, बुचे घट्ट बसवली आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले, ते कृती छापून सर्वांना खुली करण्याच्या अटीवर. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने कल्हई केलेल्या लोखंडी डब्याचे पेटंट घेतले. अन्न का टिकते हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हते. गे-लुसॅकसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाने हवेतला ऑक्सिजन नाहीसा होतो म्हणून, असे सांगितले आणि पुढची पन्नास वर्षे बहुतेकांनी ते मानले. त्यामुळे सारा भर हवा घालवण्यावर राहिला.

१८६४ साली विल्यम आणि जॉर्ज ह्यूम हे दोघे भाऊ आणि अँड्र्यू हॅपगुड हा पत्राकाम जाणणारा त्यांचा सोबती, यांनी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीवरच्या एका पडावावर सॅमनचे डबे भरायला सुरुवात केली. पहिल्या हंगामातला निम्मा माल सांधे नीट न बसल्याने फुकट गेला. त्या नदीत सोन्याच्या खाणींचा गाळ उतरत होता आणि मासळी घटत होती. १८६६ मध्ये त्यांनी बस्तान कोलंबियावर हलवले आणि त्या वर्षी चार हजार खोकी भरली. एका खोक्यात एक पौंडाचे ४८ डबे. १८८३ पर्यंत त्याच नदीवर वर्षाला सहा लाखांहून अधिक खोकी निघू लागली. त्यांतली बरीचशी बोटीने इंग्लंडला जात. गिरणी कामगाराला मांसापेक्षा हा डबा स्वस्त पडे.

हे डबे हाताने कापून, हातानेच डाख देऊन बनवत. तासभर उकळायचे, झाकणाला भोक पाडून वाफ सोडायची, भोक डाखाने बुजवायचे आणि पुन्हा उकळायचे. मासे चिरण्यापासून डाख देण्यापर्यंतचे बहुतेक काम चिनी मजूर करत. १८८२ च्या कायद्याने नव्या चिनी मजुरांना देशाची दारे बंद झाली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिअॅटलच्या एडमंड स्मिथने मासे चिरणारे यंत्र आणले. त्या यंत्राला नाव दिले गेले ते चिन्यांना हिणवणारी एक शिवी. ज्यांच्या हातचे कसब पाहून यंत्र घडले, त्यांचा असा 'गौरव' झाला.

उकळण्यात वेळ फार जाई. तो वाचावा म्हणून बाल्टिमोरच्या कारखानदारांनी आधी पाण्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळून त्याचा उत्कलनबिंदू वाढवला आणि १८७४ मध्ये श्रायव्हरने वाफेच्या दाबावर चालणारे बंद पात्र, रिटॉर्ट, आणले. आपला प्रेशर कुकर आणि ते पात्र यांचे तत्त्व एकच : दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. हेतू होता वेळ आणि इंधन वाचवण्याचा. अन्न अधिक सुरक्षित झाले, ते जवळजवळ नकळत.

त्याचे कारण बॉस्टनमध्ये उलगडले. १८९५ मध्ये विल्यम लायमन अंडरवुड हा डबेबंद अन्नाच्या धंद्यातल्या घराण्याचा वारस, फुगलेले शिंपल्यांचे डबे घेऊन मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आला. तिथला तरुण संशोधक सॅम्युएल प्रेस्कॉट आणि तो अशा दोघांनी पुढची काही वर्षे खराब डबे तपासले. हवा आत शिरलेली नव्हती. उकळण्यातून जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहिले होते. डब्यांत तापमापक ठेवून त्यांनी दाखवले की बाहेरचे तापमान आतपर्यंत पोचायला बराच वेळ लागतो. डब्याच्या मध्यभागी १२१ अंशांना दहा मिनिटे मिळाली की माल टिकतो, असे त्यांना आढळले. आपेरच्या बाटलीनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी कारखान्याला आपण काय करतो ते कळले. माझ्या मते विज्ञानाच्या इतिहासातला हा फार बोलका क्रम आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो बहुधा उलटा शिकवला जातो : आधी तत्त्व, मग उपयोग.

योगायोग असा की याच शहरात १८९६ मध्ये फॅनी फार्मर यांचे पाकशास्त्राचे गाजलेले पुस्तक निघाले. त्यात सॅमनचे क्रोकेट आहेत, पण दाट पांढऱ्या सॉसमध्ये बांधून भरपूर तेलात तळलेले. तव्यावरचे पॅटीस हा त्याच कुळातला, गरिबाच्या स्वयंपाकघरातला सुटसुटीत प्रकार.

बेल्जियममध्ये १८९५ साली खारवलेले डुकराचे मांस खाऊन माणसे दगावली आणि एमिल व्हान एर्मेंगेम यांनी बोटुलिनम जिवाणू शोधला. याचे बीजाणू १०० अंशांवर तासन्‌तास तग धरू शकतात आणि हवा नसलेल्या, आम्ल नसलेल्या ठिकाणीच उगवतात. मासळीचा डबा नेमका तसा. १९२२ मध्ये एस्टी आणि मेयर यांनी त्यांचा नाश व्हायला कोणत्या तापमानाला किती वेळ लागतो ते मोजले. हाडे चुरेपर्यंतचे शिजवणे त्या हिशोबातले आहे. बाटलीत मासा भरून घरी उकळण्याचा प्रयोग म्हणूनच कोणी करू नये. उष्णता पुरेशी देऊनही सांधा राहतोच. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात चौघांनी अलास्काच्या सॅमनचा एक डबा खाल्ला आणि दोघांचा मृत्यू झाला. डब्याला बारीक छिद्र होते. शिजवल्यानंतर त्यातून जिवाणू आत गेले होते.

डब्यातली नासाडी अशी थांबली. नदीतली थांबली नाही. कारखान्याच्या वहीत खोकी मोजली जात. किती मासे अंडी घालण्याच्या जागी पोचले याची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. किनाऱ्यावरच्या अनेक जमातींत हंगामातला पहिला सॅमन विधीपूर्वक खाऊन त्याची हाडे नदीला परत देण्याची रीत होती. नव्या उद्योगात मासे चिरून उरलेली डोकी-आतडी तेवढी पाण्यात जात. अतिरेकी मासेमारीत लाकूडतोड आणि धरणांची भर पडली. १९४२ मध्ये पुऱ्या झालेल्या ग्रँड कुली धरणाला माशांसाठी वाटच ठेवलेली नव्हती. वरचे सारे खोरे सॅमनला बंद झाले. १० मार्च १९५७ रोजी डॅलेस धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत सेलिलोचा धबधबा पाण्याखाली गेला. नदीच्या मुखाशी असलेल्या अॅस्टोरिया गावातला मोठा डबाबंद कारखाना १९८० मध्ये बंद पडला. आज अमेरिकन दुकानातल्या सॅमनच्या डब्यावर बहुधा अलास्काचे नाव असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोलव्हिल जमातींनी मोजके सॅमन टाकीच्या गाडीतून नेऊन ग्रँड कुलीच्या वरच्या पाण्यात सोडले. जवळजवळ ऐंशी वर्षांनी.