दोन पावलांमधली फट

केवडियाचा 'स्टॅच्यू ऑफ युनिटी' म्हटलं की लोक १८२ मीटर उंचीबद्दल बोलतात. मला मात्र त्यातला दुसराच आकडा भारी वाटतो: ६.४ मीटर. सरदार पटेलांच्या दोन पावलांमधली फट!

कसं आहे मंडळी, उंच पुतळ्याचा घेर शक्यतो खाली मोठा ठेवतात. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा पायघोळ झगा आठवा. पण पटेल पडले धोतर-चपलावाले. शिल्पकार राम सुतारांनी त्यांना तसंच दाखवलं, तेही चालण्याच्या पवित्र्यात. म्हणजे वर रुंद खांदे, खाली अरुंद पावलं आणि मधून वारा! इंजिनिअर लोकांची झोपच उडायची.

सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, जन्म १९२५. वडील गावचे सुतार. गुरू श्रीराम जोशी यांच्यामुळे ते मुंबईच्या जे.जे.त पोचले, १९५३ साली मेयो पदक मिळवलं. १९५४ ते ५८ पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या भग्न मूर्ती दुरुस्त केल्या. पुढे सरकारी नोकरी सोडली आणि गांधीसागर धरणापाशी ४५ फुटी चंबळदेवी घडवली. आई आणि दोन मुलं, म्हणजे चंबळ, मध्य प्रदेश नि राजस्थान. संसदेच्या आवारातले ध्यानस्थ गांधीही (१९९३) त्यांचेच.

आता कुणी म्हणेल, केवडियात सुतारांचं काय? त्यांचं ३० फुटी मॉडेल स्कॅन करून कॉम्प्युटरने मोठं केलं, कांस्याचे पत्रे चीनमध्ये ओतून घेतले. खरंय. आपल्याला दिसतं ते कांस्य म्हणजे जेमतेम ८ मिलिमीटरची कातडी. आत काँक्रीटचे दोन गाभे, पोलादी सांगाडा, झोके आवरायला २५० टनांचे दोन डँपर. सगळा हिशोब ताशी १८० किलोमीटर वाऱ्याचा. पण हा एवढा खटाटोप कशासाठी? तर माणूस चालताना दिसावा म्हणून! तो निर्णय कॉम्प्युटरचा नव्हता.

आणि हे गणित चुकलं तर काय होतं ते आपण मालवणात पाहिलं. राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी शिवपुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेसुद्धा टिकला नाही. महाराजांचा पुतळा असा जमिनीवर पडलेला बघून कुणाच्या पोटात कालवलं नसेल? त्या जागी नवा ६० फुटी पुतळा करायचं काम सुतारांच्याच स्टुडिओकडे आलं. मे २०२५ मध्ये तो उभा राहिला.

त्याच वर्षी डिसेंबरात, वयाच्या शंभराव्या वर्षी, सुतार गेले.

उद्घाटनाच्या बातमीत पुतळ्याची उंची आणि खर्च छापून येतो. यापुढे कुठलाही पुतळा बघाल तेव्हा आधी पायाकडे बघा. तो कसा उभा आहे ते शिल्पकाराने ठरवलेलं असतं. किती वर्षं उभा राहील, ते त्याच्या शेजारी बसून कुणी आकडेमोड केली त्यावर ठरतं.