ओंडक्यातून निघालेला ब्लॉग

विज्ञान-पर्यावरणाच्या बातम्या हौसेने लिहिणाऱ्यांचा ‘ब्लॉग’ मुळात दर्यावर्दी आहे. इंग्रजीत ‘लॉग’ म्हणजे ओंडका. शिडाच्या जहाजावरून दोरी बांधलेली लाकडी फळी पाण्यात टाकत. वाळूचं घड्याळ जेमतेम अर्धा मिनिट चाले. तेवढ्यात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या, त्यावरून वेग कळे. (जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात.) हा वेग, वारा, हवा ज्या वहीत टिपत, ते लॉगबुक.

१९९७मध्ये जॉर्न बार्गर यांनी इंटरनेटवरच्या अशा नोंदवहीसाठी ‘वेबलॉग’ शब्द आणला. १९९९मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी तो गमतीने ‘वी ब्लॉग’ असा फोडला नि ‘ब्लॉग’ सुटा झाला.

मला ब्लॉगसाठीची मराठी ‘जालनिशी’ जास्त आवडते. रोजनिशीवर बेतलेली, त्यातली ‘निशी’ फारसी ‘नविसी’, म्हणजे लेखन. फडणीस, चिटणीस त्याच घराण्यातले. शब्द देखणा, पण रुळला नाही.

जहाजांची मूळ लॉगबुकंही विस्मरणात गेली नाहीत: २०१०मध्ये ‘ओल्ड वेदर’ प्रकल्प सुरू झाला. सामान्य स्वयंसेवकांनी घरबसल्या पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश युद्धनौकांची लॉगबुकं वाचून हवेच्या नोंदी संगणकावर उतरवल्या. जुन्या हवामानाचं चित्र उभारायला शास्त्रज्ञ त्या वापरतात.