भरल्या पोटाची उपासमार

उपाशी माणूस मरतो हे सर्वांस ठाऊक आहे. पण पोट भरत असतानाही माणूस अन्नावाचून मरू शकतो, ही गोष्ट पटवून देण्यासाठी शास्त्राला पुष्कळ झगडावे लागले. त्या झगड्याचा इतिहास आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. आणि तो आम्ही का निवडला हे शेवटी आपोआप ध्यानात येईल.

रोगाचे नाव पेलाग्रा. अंगाचा जो भाग उन्हात उघडा पडतो तेथील कातडी भाजल्यासारखी लाल होते, काळवंडते, सोलून निघते. मग जुलाब, पुढे बुद्धिभ्रंश आणि अखेर मृत्यू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत या रोगाने ठाण मांडले. कापूस पिकवणारी कुळे, कापडगिरण्यांतील कामगार, अनाथ मुले आणि वेड्यांच्या इस्पितळांतील रोगी हे त्याचे मुख्य भक्ष्य होते.

1912 साली थॉम्प्सन-मॅक्फॅडन कमिशनने दक्षिण कॅरोलिनातील गिरणीवसाहतींची पाहणी केली. रोग सांसर्गिक असावा आणि मैल्याची नीट व्यवस्था नसल्यामुळे तो फैलावत असावा, असा त्याचा निष्कर्ष निघाला. या कमिशनला पैसा देणाऱ्या दोघांपैकी एक कापसाचा व्यापारी होता. आम्ही कुणाच्या हेतूविषयी शंका घेत नाही. एवढेच म्हणतो की, रोग जंतूचा ठरला म्हणजे मजुरीचा प्रश्न कुणी काढीत नाही.

1914 साली सरकारी आरोग्यखात्याने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांस या कामावर नेमले. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील किराणा दुकानदाराचा हा मुलगा. त्यांनी प्रथम डोळे उघडे ठेवले. इस्पितळांत रोग्यांना पेलाग्रा होतो, पण रात्रंदिवस त्यांच्यात वावरणाऱ्या परिचारिकांना होत नाही; हा कसला संसर्ग? मिसिसिपीतील जॅक्सन येथील अनाथाश्रमात सहा ते बारा वर्षांची मुलेच अधिक आजारी पडत. धाकट्यांना दूध मिळे, थोरली कामाला जात म्हणून त्यांना मांस मिळे. मधल्यांच्या वाट्याला मका, चरबी आणि काकवी! गोल्डबर्गर यांनी सरकारी पैशाने तेथील दोन अनाथाश्रमांत दूध, अंडी, मांस व कडधान्ये सुरू केली. बाकी काही बदलले नाही. पुढच्या वर्षी रोग जवळजवळ नाहीसा झाला.

आता उलट परीक्षा. 1915 साली रँकिन येथील तुरुंगाच्या शेतावर, माफीच्या बदल्यात, निरोगी कैद्यांना मका, पांढरे पीठ, भात, रताळी, कोबी आणि काकवी यांवर सुमारे सहा महिने ठेवले. अकरांपैकी सहांना पेलाग्रा झाला. बंदिवानाची संमती ही खरी संमती नव्हे. हा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. तरीही विरोधक गप्प बसले नाहीत. तेव्हा 1916 साली गोल्डबर्गर व त्यांच्या सोबत्यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले, त्यांचा मैलाही गोळ्या करून गिळला. त्यांच्या पत्नीनेही रक्त टोचून घेतले. एकालाही रोग झाला नाही.

पण आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम याच्या पुढचे आहे. त्याच वर्षापासून एडगर सायडनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी दक्षिण कॅरोलिनातील सात गिरणीवसाहती घरोघर तपासल्या. पंधरवड्यात घरात काय आले, मजुरी किती, गाय आहे का, गावात ताजे मांस मिळते का, हे सारे लिहून काढले. जसजशी कमाई वाढते तसतसा रोग घटतो, असे स्वच्छ दिसले. शिवाय मजुरी सारखी असूनही, जेथे आसपासचे शेतकरी दूध-भाजी विकत तेथे रोग कमी. आणि जेथे दारापर्यंत कापूसच कापूस तेथे जास्त. डॉक्टरने रोग्याची नाडी बघावी तशी या दोघांनी कामगाराच्या घराची जमाखर्चाची वही पाहिली.

1920 साली कापसाचा भाव कोसळला. रोग वाढणार, असा इशारा 1921 साली गोल्डबर्गर यांनी दिला. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी मदतीची हाक दिली, तेव्हा दक्षिणेतील पुढाऱ्यांना प्रदेशाची बदनामी झाल्याचा राग आला! पुढे मद्याच्या कारखान्यातील यीस्ट हा स्वस्त उतारा असल्याचे गोल्डबर्गर यांनी दाखवले आणि 1927 च्या मिसिसिपीच्या पुरात ते वाटले गेले. 1929 साली ते वारले. अन्नातील हरवलेले द्रव्य नायासिन होय, हे एल्व्हेजेम यांच्या शोधामुळे 1937 साली उलगडले.

हे दूरदेशीचे समजू नये. ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या दख्खनच्या गरिबांतही पेलाग्रा आढळत असे. हैदराबादचे गोपालन व श्रीकांतिया यांनी 1960 साली त्यावर लिहिले. दोष भाकरीचा नव्हे. भाकरीबरोबर डाळ, दूध, मासळी यांपैकी काहीच नसणे हा दोष.

1957 च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप ठरवले: मिळवत्याच्या कुटुंबाचे तीन घटक, वर्षाला 72 वार कापड, आणि अन्न डॉ. आयक्रॉइड यांनी सुचवलेल्या उष्मांकांइतके. त्या मापाने आम्हां कामगारांना वाटाघाटीत पाय रोवायला जागा दिली, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु निव्वळ उष्मांक मक्यातूनही मिळतात आणि काकवीतूनही. तेव्हा वेतनाचा हिशेब मांडताना किती खाल्ले याबरोबर काय खाल्ले हेही विचारले पाहिजे. गोल्डबर्गर यांचा शोध प्रयोगशाळेत पुरा झाला. कामगाराच्या ताटात तो पुरा व्हायचा तर ते काम संघटनेचे आहे, आणि आपल्यासारख्या नागरिकांचेही.