बायका म्हणतात आणि आत्रेय म्हणतात

गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यात छातीत जळजळू लागले, घशाशी आंबट येऊ लागले, की ठाण्या-कल्याणकडच्या घरांत कोणीतरी मोठी बाई हमखास सांगते, "बाळाला जावळ भरपूर असणार." डोहाळजेवणाच्या गप्पांत तर हे वाक्य ठरलेलेच. ऐकणारी हसते, सांगणारी पुढच्या कामाला लागते. अडाणी समजुतींच्या यादीत सहज टाकून द्यावे, असे हे वाक्य. पण त्याचा माग काढत गेले तर ते सुमारे दोन हजार वर्षे मागे, चरकसंहितेपर्यंत जाऊन पोचते. आणि तिथेही ते बायकांच्याच तोंडी आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातला आठवा अध्याय 'जातिसूत्रीय' या नावाने ओळखला जातो. गर्भिणीने महिन्यागणिक काय घ्यावे याचा क्रम त्यात दिला आहे. पहिल्या महिन्यात साधे थंड दूध, दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेले दूध, तिसऱ्यात मध-तूप घातलेले दूध, चौथ्यात दुधाचे लोणी, पाचव्यात तूप, असा तो क्रम. सातव्या महिन्याशी आल्यावर ही यादी मध्येच थांबते आणि एक वाद उभा राहतो. बायका म्हणतात, या महिन्यात गर्भाला केस फुटतात आणि त्याने आईला दाह होतो. भगवान आत्रेय म्हणतात, तसे नाही. गर्भाच्या दाबामुळे वात, पित्त आणि कफ उरापाशी येतात आणि तिथे दाह निर्माण करतात. त्यातून खाज सुटते आणि खाजेतून 'किक्किस', म्हणजे अंगावर उमटणाऱ्या रेघा.

हा दाह म्हणजे आपण आज ज्याला ॲसिडिटी म्हणतो तेवढेच, असे मानता येणार नाही. त्यात कातडीची आगही आली आहे. तरीही आत्रेयांचे उत्तर वाचून थबकायला होते. वाढता गर्भ खालून दाबतो आणि खालचे वर चढते, हे आजच्या प्रसूतिशास्त्राच्या स्पष्टीकरणातले अर्धे वाक्य आहे. उरलेले अर्धे संप्रेरकांचे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वाढते. ते गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवते, पण त्याचबरोबर अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडपेसारखी पकडही सैल करते. मग जठरातले आम्ल वर येते आणि छातीत आग होते. गर्भाशय वर सरकते तसतसा जठरावर दाब वाढतो, म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत त्रास अधिक.

दोन हजार वर्षे या वादात निकाल आत्रेयांच्या बाजूने होता. मग २००६ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ही समजूत तपासायला घेतली. तीही तिकडच्या बायकांत शतकानुशतके चालत आलेली. ६४ गर्भवतींना जळजळ किती होते ते विचारले गेले आणि जन्मानंतर बाळांच्या केसांची प्रतवारी छायाचित्रे पाहून तिऱ्हाइतांकडून करून घेतली गेली. मध्यम किंवा तीव्र जळजळ सांगणाऱ्या २८ जणींपैकी २३ जणींच्या बाळांना सरासरीइतके किंवा त्याहून जास्त केस होते. अजिबात जळजळ नसलेल्या १२ जणींपैकी १० जणींची बाळे कमी केसांची किंवा टक्कल घेऊन आलेली. समजूत खोडून काढायला निघालेल्या संशोधकांना ती मान्य करावी लागली. त्यांचा तर्क असा, की जी संप्रेरके आईची ती पकड सैल करतात तीच गर्भाच्या केसांच्या वाढीलाही हातभार लावत असावीत. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण एवढे म्हणता येते की केसांमुळे दाह होत नाही हे आत्रेयांचे म्हणणे बरोबर होते, आणि दाह व केस बरोबर येतात हे बायकांचे निरीक्षणही बरोबर असण्याची शक्यता आहे. कारण चुकले होते, पाहणे चुकले नव्हते.

आता उपायांकडे वळू. या दाहासाठी चरकाने सांगितलेला उपाय असा: बोराच्या काढ्याबरोबर मधुर औषधींनी सिद्ध केलेले लोणी अगदी थोडे घ्यावे, स्तनांवर आणि पोटावर चंदन आणि कमळाच्या देठाचा लेप लावावा, आणि जेवण गोडसर, वातशामक, कमी स्निग्ध, कमी मिठाचे असावे, त्यावर पाणी थोडेच प्यावे. लेप बाजूला ठेवला तर आहाराचा हा सल्ला आजच्या दवाखान्यात मिळणाऱ्या सल्ल्यापासून फार दूर नाही. थोडे-थोडे आणि वारंवार खा, तेलकट आणि तिखट टाळा, जेवताना पोटभर पाणी पिऊ नका, जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नका, झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवा आणि डाव्या कुशीवर निजा. डाव्या कुशीचे कारण सोपे आहे. जठराची ठेवणच अशी, की त्या कुशीवर आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहते.

'आम्लपित्त' हा शब्द मात्र चरकानंतरच्या ग्रंथांत स्वतंत्र रोग म्हणून स्थिरावला. माधवनिदानात त्यावर वेगळे प्रकरण आहे. स्त्रिया आणि बालके यांच्या वैद्यकाला वाहिलेल्या काश्यपसंहितेतही ते आहे. नेपाळात सापडलेल्या पोथीवरून ही संहिता १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. काश्यपाचे एक निरीक्षण आपल्या भागाला चपखल बसते. हा रोग बहुधा 'आनूप' प्रदेशात, म्हणजे पाणथळ, दमट मुलखात होतो, असे तो सांगतो. औषधांनी भागले नाही तर देश बदलावा, असेही सुचवतो. खाडीकाठचे ठाणे आणि उल्हास नदीकाठचे कल्याण यांच्याइतके आनूप गाव शोधून सापडायचे नाही. गर्भारशीने देश बदलावा ही मात्र वैद्याची चैन झाली. तिला बदलता येत होते ते फक्त ताटातले.

आणि ताटातले तिने बदललेही. साळीच्या लाह्या किंवा लाह्यांचे पाणी, गार दुधाचे दोन घोट, पातळ ताक, धने-जिऱ्याचे पाणी, मोरावळा, भिजवलेल्या मनुका, जेवणानंतर बडीशेप, ही आपल्याकडची ओळखीची यादी. यातल्या कोरड्या, हलक्या पदार्थांचे काम समजण्यासारखे आहे. रिकाम्या पोटी थोडेसे पिष्ट गेले की मळमळ आणि जळजळ दोन्हींना उतार पडतो. गार दुधाने लगेच बरे वाटते, पण तासाभराने पोट पुन्हा आम्ल सोडते, म्हणून पेलाभर दुधापेक्षा दोन घोट बरे. ताक आणि आमसुलाचे सार एकीला मानवते, दुसरीला तेच घशाशी येते. पित्तावर आमसूल ही कोकणातली श्रद्धा, पण आंबट पदार्थाने जिची जळजळ वाढते तिने श्रद्धेपेक्षा आपल्या पोटाचे ऐकावे.

या यादीत एक वस्तू उघडपणे कोणी घालत नाही. ती म्हणजे माती. गर्भारपणी भाजक्या मातीचा, खडूचा, पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा चघळावासा वाटणे आपल्याकडे इतके जुने आहे की कालिदासाने रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणेच्या तोंडाला मातीचा वास असल्याचे वर्णन केले आहे, आणि राजा दिलीपाला तो वास हुंगून तृप्ती होत नाही. कवीने त्यात पुढच्या चक्रवर्तीची पृथ्वी भोगण्याची चाहूल पाहिली. रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर नैसर्गिक खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल मारण्याच्या चघळायच्या कित्येक गोळ्यांत तेच असते. काही चिकणमात्याही पोटात अस्तर धरतात. म्हणजे आग होत असताना हात खडूकडे जाणे अगदीच निरर्थक नव्हते. पण मातीत शिसे असू शकते, जंतांची अंडी असू शकतात, आणि माती खाण्याची ओढ हे पुष्कळदा रक्तातले लोह घटल्याचे लक्षण असते. अशी ओढ लाजेने लपवण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावी.

डोहाळ्यांबाबत चरकाची भूमिका पाहण्यासारखी आहे. गर्भिणीला जे हवेसे वाटेल ते द्यावे, घातक असेल ते टाळावे. पण ओढ फारच तीव्र असेल तर अपायकारक वस्तूही हितकर वस्तूबरोबर मिसळून द्यावी, असे तो सांगतो. तिचे मागणे ऐकून घेण्याची ही वृत्ती आहे. मात्र ग्रंथात ऐकून घेणे निराळे आणि माजघरातल्या बाईचे बोलणे वैद्यापर्यंत पोचणे निराळे. एकोणिसाव्या शतकात ते पोचत नव्हते. हे ज्या मुलीने स्वतः सोसले आणि मग जगासमोर मांडले, ती कल्याणची होती.

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना ३१ मार्च १८६५ रोजी जन्मली. रेल्वे कल्याणला येऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशींशी तिचे लग्न झाले आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. डॉक्टर होण्याचा तिचा निश्चय या दहा दिवसांतून आला. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या भाषणात आणि पुढे अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मागताना आनंदीबाईंनी एकच गोष्ट सांगितली: हिंदुस्थानातल्या बायकांना वैद्यकीय मदतीची गरज आहे, पण पुरुष डॉक्टरच्या हातून ती घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतात.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पदवीसाठी आनंदीबाईंनी निवडलेला विषय होता 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र'. संस्कृत वैद्यकग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके या दोन्हींचा आधार त्यांनी घेतला. कल्याणहून गेलेली वीस वर्षांची मुलगी गर्भिणीच्या जुन्या शास्त्राला नव्या शास्त्राच्या शेजारी बसवत होती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने पोखरलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. एकाही रुग्णबाईला त्या कामावर रुजू होऊन तपासू शकल्या नाहीत.

त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र संपलेला नाही, त्याचा वेश बदलला आहे. आज डोंबिवलीत स्त्री डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे. ती नको असे कोणी म्हणत नाही. अडते ते निराळ्या जागी. सकाळी चहाबिस्किटावर गाडी गाठायची, दुपारचा डबा घाईत, परतताना पाऊण-एक तास उभ्याने, आणि रात्री दहाला पोटभर जेवून लगेच पाठ टेकायची. जळजळीला याहून पोषक दिनक्रम शोधावा लागणार नाही. डब्याचे दोन भाग करून चार वेळा खाणे आणि रात्रीचे जेवण लवकर व हलके करणे, हा कोणत्याही काढ्याहून मोठा घरगुती उपाय आहे. पण तो एकट्या गर्भवतीच्या हातात नाही. घराने स्वयंपाकाची वेळ बदलावी लागते.

'घरगुती म्हणजे निर्धोक' हा आधुनिक समज चरकाचा नाही. ज्येष्ठमध आम्लपित्तावर वापरतात, पण फिनलंडमधल्या अभ्यासांत गरोदरपणी ज्येष्ठमधाच्या गोळ्या भरपूर खाल्लेल्या आयांच्या मुलांच्या वाढीवर प्रतिकूल परिणाम दिसले. खाण्याचा सोडा क्षणभर आराम देतो आणि अंगात नको तितके सोडियम भरतो. आम्लविरोधी गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही. दोन्हींत काही तासांचे अंतर लागते.

सगळ्यात धोक्याचा ठरतो तो 'ॲसिडिटी' हा शब्दच. विसाव्या आठवड्यानंतर पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे, त्याबरोबर डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे, चेहऱ्या-हातांवर अचानक सूज, ही वाढलेल्या रक्तदाबाच्या गंभीर विकाराची, प्रीएक्लॅम्प्सियाची लक्षणे असू शकतात. त्या वेळी "पित्त झालंय, लाह्या खा" या सल्ल्यात गेलेली एक रात्र आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. रक्तदाब मोजायला पाच मिनिटे लागतात.

चरकसंहितेतल्या त्या वादात आत्रेयांनी बायकांचे म्हणणे खोडून काढले, पण आधी ते नोंदवले. नोंदवले नसते तर बाल्टिमोरच्या अभ्यासाशी त्याचा सांधा कोणाला जुळवता आला असता? जावळाची थट्टा घराघरांत चालू राहावी, लाह्यांचा डबाही भरलेला असावा. फक्त थट्टा करणाऱ्या बाईने हसून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: नेमके कुठे जळते आहे, आणि कधीपासून?