शिष्यत्व आणि बाप्तिस्मा

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघेही तेथे ख्रिस्ताचे शिष्य. चर्चची भिंत ओलांडणारा हा विचार मी मोठा मानतो.

पण ही मुभा कोणाच्या सोयीची होती? सवर्णाला ती जात, घर, मान राखू देत होती. महार-मांगांजवळ राखण्यासारखे काय होते? महारकीचे वतन? उपचार तर मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेल्या इस्पितळात बाप्तिस्म्याशिवायही मिळत. नवी ओळख मात्र उघड धर्मांतरानेच मिळणार होती.

साताऱ्याच्याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव दाखल झाले. १९५६ साली नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तीही लाखोंसमक्ष.

या उघडपणाची किंमत दलितानेच मोजली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेरच आहे. दरबाराने बाप्तिस्मा विचारला नाही; शासन मात्र तोच विचारते.